मोजपट्टीला अपुरा ठरलेला लाइनबॅकर

अमेरिकन फुटबॉल या खेळात प्रतिस्पर्ध्यांची चढाई थोपविण्यासाठी जो बचाव उभा केला जातो, त्याच्या मधल्या फळीतील खेळाडूला ‘लाइनबॅकर’ म्हणतात. हायस्कूलच्या संघातून महाविद्यालयात आणि महाविद्यालयातून ‘नॅशनल फुटबॉल लीग’ अर्थात एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत, असा या खेळाडूचा ठरलेला मार्ग असतो. या मार्गावर प्रत्येक टप्प्यावर उंची, वजन आणि वेग यांची चाळणी लावली जाते. या चाळणीतून वारंवार गळूनही पुढे आपल्या काळातील श्रेष्ठ लाइनबॅकरांमध्ये ज्यांनी स्थान मिळविले, असे खेळाडू म्हणजे सॅम मिल्स (१९५९-२००५) होत. अवघ्या ५ फूट ९ इंच उंचीच्या मिल्स यांना एनएफएलच्या एकाही संघाने महाविद्यालयातून निवडले नव्हते. त्याच मिल्स यांचा २०२२ मध्ये ‘प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेम’ या सर्वोच्च मानाच्या दालनात समावेश झाला. त्यांची कारकीर्द ही एका जिद्दी खेळाडूची यशोगाथा तर आहेच. शिवाय गुणवत्ता हेरणारी एवढी मोठी यंत्रणा नेमके काय मोजते आणि काय तिच्या नजरेतून निसटते, हेही या कारकिर्दीतून कळून येते.

लाइनबॅकरचे काम

अमेरिकन फुटबॉलचे मैदान १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटर लांबीचे असून दोन्ही टोकांना १० यार्डांचे गोलक्षेत्र असते. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात उतरतात. चेंडू ज्याच्याकडे असतो, त्या संघाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. या प्रयत्नांना ‘डाउन’ म्हणतात. चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या गोलक्षेत्रात पोहोचल्यास ‘टचडाउन’ होऊन सहा गुण मिळतात. एकेक प्रयत्न काही सेकंदांत आटोपतो आणि नंतर दोन्ही संघ पुन्हा समोरासमोर उभे राहतात. कबड्डीतील चढाई आणि पकड यांची सवय असलेल्या मराठी वाचकाला या खेळातील थांबून थांबून होणाऱ्या झटापटीची कल्पना सहज येऊ शकेल.

बचाव करणाऱ्या संघाच्या पहिल्या फळीत धिप्पाड खेळाडू असतात. त्यांच्यामागे साधारण चार-पाच यार्डांवर लाइनबॅकर उभे राहतात आणि त्यांच्याही मागे पास अडविणारे चपळ खेळाडू असतात. पहिल्या फळीत चार व दुसऱ्या फळीत तीन खेळाडू असल्यास त्या रचनेला ‘४-३’ म्हणतात; पहिल्या फळीत तीन आणि चार लाइनबॅकर असल्यास ती ‘३-४’ होते. प्रतिस्पर्ध्याचा क्वार्टरबॅक चेंडू धावपटूच्या हाती देणार की लांब फेकणार, हे बचाव करणाऱ्यांना आधी ठाऊक नसते. चेंडू घेऊन कोणी धावत आला तर लाइनबॅकरने पुढे झेपावून त्याला पाडायचे. पास होणार असेल तर उलट पावली मागे जाऊन मोकळी जागा राखायची. आणि आदेश असेल तर थेट क्वार्टरबॅकवर चाल करून जायचे. ही तिन्ही कामे परस्परविरोधी दिशांची आहेत. त्यामुळे पहिले पाऊल चुकले की सारेच चुकते.

हे पहिले पाऊल अंदाजाने टाकून भागत नाही. समोरचा रक्षक खेळाडू पुढे मुसंडी मारतो, मागे रेलतो की बाजूला सरकतो, यावरून पुढचा डाव ओळखावा लागतो. प्रतिस्पर्धी संघ हेच हेरून मुद्दाम फसव्या हालचाली करीत असतो. मधल्या लाइनबॅकरवर याहून मोठी जबाबदारी असते. प्रशिक्षकाचा संदेश घेऊन संपूर्ण बचावाची रचना तोच लावतो आणि प्रतिस्पर्ध्याने ऐनवेळी जागा बदलल्या, तर ओरडून आपल्या साथीदारांना हलवितो. एनएफएलमध्ये २००८ पासून बचावातील एका खेळाडूच्या शिरस्त्राणात प्रशिक्षकाचा आवाज ऐकू येणारे यंत्र बसविण्याची मुभा आहे. हे यंत्र बहुधा मधल्या लाइनबॅकरकडेच असते. मिल्स यांच्या काळात ही सोय नव्हती. हातवाऱ्यांच्या खुणा आणि स्मरणशक्ती यांवरच सारी मदार होती.

आता उंचीचा प्रश्न. समोरच्या फळीतील खेळाडू सव्वासहा फुटांहून उंच असतात. त्यांच्या डोक्यावरून पलीकडचे दिसावे, हवेतून येणारा पास अडविता यावा आणि उंच प्रतिस्पर्ध्याला रोखता यावे, म्हणून लाइनबॅकर सहा फुटांच्या वरचा असावा, असा रूढ संकेत आहे. तो निराधार नाही. परंतु त्याला दुसरी बाजूही आहे. कुस्तीच्या आखाड्यात ठेंगण्या मल्लाला प्रतिस्पर्ध्याच्या पटात शिरणे सोपे जाते, तसेच येथेही होते. धावत येणाऱ्याला पाडताना जो खाली राहतो, त्याचा जोर अधिक लागतो. मिल्स यांचे वजन सुमारे १०४ किलो होते. आखूड बांध्यात सामावलेले हे वजन धडकेच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याला चांगलेच जाणवत असे.

पहिली पायरी : हायस्कूल

सॅम्युअल डेव्हिस मिल्स यांचा जन्म ३ जून १९५९ रोजी न्यू जर्सी राज्यात झाला. अटलांटिक किनाऱ्यावरील लाँग ब्रँच या गावच्या हायस्कूलमध्ये ते शिकले आणि तेथेच फुटबॉल खेळले.

अमेरिकेत हायस्कूलचा फुटबॉल ही निव्वळ शालेय स्पर्धा नसते. लहान गावांत शुक्रवारची रात्र या सामन्यांसाठी राखून ठेवलेली असते. शुक्रवारी हायस्कूल, शनिवारी महाविद्यालये आणि रविवारी व्यावसायिक संघ, अशी आठवड्याची वाटणीच झालेली आहे. १९६१ च्या क्रीडा प्रक्षेपणविषयक कायद्याने या वाटणीला बळ दिले. हंगामाच्या मुख्य काळात शुक्रवारी रात्री व शनिवारी व्यावसायिक सामने दूरचित्रवाणीवर दाखवून शाळा-महाविद्यालयांचा प्रेक्षक पळविला जाऊ नये, हा त्यामागील उद्देश होता.

आज अमेरिकेत सुमारे १० लाख मुले हायस्कूलमध्ये ११ जणांच्या संघाचा फुटबॉल खेळतात. महाविद्यालयीन क्रीडा स्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन’ अर्थात एनसीएए या संस्थेच्या अंदाजानुसार, त्यांपैकी सुमारे सात टक्के मुलांनाच या संस्थेच्या सदस्य महाविद्यालयांत खेळायला मिळते. पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयांपर्यंत तर तीन टक्केही पोहोचत नाहीत. म्हणजे पहिल्याच पायरीवर शंभरातील नव्वदांहून अधिक मुलांचा खेळ संपतो. या वयात मुलाच्या शरीराची वाढ पुरी झालेली नसते, हे लक्षात घेतले तर ही चाळणी किती लवकर लागते, याची कल्पना येईल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे पाहताना प्रशिक्षक त्याच्या आजच्या खेळाइतकाच त्याच्या संभाव्य देहयष्टीचाही विचार करतात. उंच, रुंद खांद्यांचा मुलगा अपरिपक्व खेळला तरी तो ‘घडेल’ असे मानले जाते. बुटका मुलगा उत्तम खेळला तरी ‘आता याहून पुढे काय?’ अशी शंका घेतली जाते.

दुसरी पायरी : महाविद्यालय

एनसीएएने १९७३ मध्ये आपल्या सदस्य महाविद्यालयांची तीन श्रेणींत विभागणी केली. पहिल्या श्रेणीतील बड्या विद्यापीठांकडे प्रचंड प्रेक्षागारे, दूरचित्रवाणीचे करार आणि खेळाडूंसाठी संपूर्ण शिष्यवृत्त्या असतात. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालयांना खेळाच्या आधारावर शिष्यवृत्ती देता येत नाही. तेथील खेळाडू इतर विद्यार्थ्यांसारखाच शिकतो आणि हौसेने खेळतो. व्यावसायिक संघांच्या गुणशोधकांची नजर स्वाभाविकपणेच पहिल्या श्रेणीवर खिळलेली असते.

मिल्स यांनी प्रवेश घेतला तो न्यू जर्सीतील माँटक्लेअर स्टेट या तिसऱ्या श्रेणीच्या महाविद्यालयात. न्यूयॉर्कसारखे महानगर हाकेच्या अंतरावर असले तरी फुटबॉलच्या नकाशावर हे महाविद्यालय फारसे ठळक नव्हते. १९७७ ते १९८० या चार हंगामांत मिल्स यांनी तेथे टॅकलचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला पकडून पाडण्याचा, सपाटा लावला. त्यांच्या नावावर कारकिर्दीतील ५०१ टॅकल जमा झाले. या कामगिरीची दखल पुढे २००९ मध्ये ‘कॉलेज फुटबॉल हॉल ऑफ फेम’ने घेतली. मात्र त्या काळी या आकड्यांकडे पाहण्याची दृष्टी वेगळी होती. दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध केलेला पराक्रम म्हणून ते बाजूला सारणे सोपे होते, आणि बहुतेकांनी तसेच केले.

१९८१ ची निवड

एनएफएलमध्ये नव्या खेळाडूंची वाटणी ‘ड्राफ्ट’ या पद्धतीने होते. मागील हंगामात तळाला राहिलेल्या संघाला निवडीचा पहिला हक्क मिळतो, विजेत्याची पाळी शेवटी येते आणि अशा फेऱ्या चालतात. १९८१ मध्ये २८ संघांनी १२ फेऱ्यांत ३३२ खेळाडू निवडले. (१९९४ पासून ही निवड सात फेऱ्यांतच आटोपते.)

लाइनबॅकरांच्या दृष्टीने १९८१ ची ड्राफ्ट असामान्य ठरली. एकूण दुसऱ्याच क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्स संघाने नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या लॉरेन्स टेलर यांना घेतले. ६ फूट ३ इंच उंचीच्या टेलर यांनी क्वार्टरबॅकवर बाहेरून झडप घालण्याच्या पद्धतीत क्रांती घडविली आणि १९८६ मध्ये बचावपटू असूनही ते लीगचे सर्वाधिक मूल्यवान खेळाडू ठरले. दुसऱ्या फेरीत शिकागो बेअर्सने बेलर विद्यापीठाच्या माइक सिंगलटेरी यांना, तर न्यू ऑर्लिन्स सेंट्सने पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिकी जॅक्सन यांना निवडले. हे तिघेही पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेले. त्याच वर्षी पात्र असलेले चौथे लाइनबॅकर होते सॅम मिल्स. पण ३३२ नावांच्या यादीत त्यांचे नाव नव्हते.

न निवडलेल्या खेळाडूला एखाद्या संघाच्या सराव शिबिरात नशीब अजमावता येते. मिल्स यांना क्लीव्हलँड ब्राउन्स संघाने १९८१ च्या शिबिरात बोलावले. परंतु हंगामापूर्वीच्या छाटणीत त्यांना वगळण्यात आले. त्यानंतर कॅनडातील व्यावसायिक लीगच्या टोरंटो अर्गोनॉट्स संघानेही त्यांना शिबिरातूनच परत पाठविले. दोन देशांच्या दोन लीगनी नकार दिल्यावर बहुतेक खेळाडू बूट खुंटीला टांगतात. मिल्स न्यू जर्सीला परतले आणि ईस्ट ऑरेंज हायस्कूलमध्ये छायाचित्रण व सुतारकाम शिकवू लागले. तेथील फुटबॉल संघाचे साहाय्यक प्रशिक्षक म्हणूनही ते काम पाहत. ज्या हायस्कूलच्या पायरीवरून प्रवास सुरू झाला होता, त्याच पायरीवर ते पुन्हा येऊन पोहोचले होते. फरक इतकाच की आता ते शिक्षक होते.

नव्या लीगचा आधार

मिल्स यांना दुसरी संधी मिळाली ती एका अल्पायुषी उपक्रमामुळे. १९८३ मध्ये ‘युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग’ अर्थात यूएसएफएल ही नवी स्पर्धा १२ संघांनिशी सुरू झाली. एनएफएलशी थेट टक्कर टाळण्यासाठी तिचे सामने वसंत ऋतूत होत. नव्या लीगला खेळाडू हवे होते. जुन्या लीगने ज्यांच्याकडे पाठ फिरविली होती, अशा अनेकांसाठी त्यामुळे दार उघडले.

फिलाडेल्फिया स्टार्स संघाने मिल्स यांना घेतले. प्रशिक्षक होते जिम मोरा. एवढा बुटका लाइनबॅकर पाहून मोरा सुरुवातीला साशंक होते. सराव सुरू झाल्यावर मात्र ही शंका फार काळ टिकली नाही. समोरचा डाव मिल्स इतरांआधी ओळखत, त्यामुळे त्यांना तेथे पोहोचायला कमी अंतर कापावे लागे, आणि एकदा गाठलेला खेळाडू त्यांच्या हातून सहसा सुटत नसे. मिल्स हे आपण प्रशिक्षण दिलेले सर्वोत्तम खेळाडू असल्याचे मोरा यांनी पुढे अनेकदा सांगितले. लहानखुऱ्या उंचीमुळे ‘फील्ड माउस’, म्हणजे शेतातला उंदीर, असे गमतीदार टोपणनाव मिल्स यांना चिकटले होते.

स्टार्स संघ लीगच्या तिन्ही हंगामांत अंतिम सामन्यात पोहोचला. १९८३ मध्ये मिशिगन पँथर्सने त्याला २४-२२ असे निसटते हरविले. १९८४ मध्ये ॲरिझोना रँगलर्सवर २३-३ असा, तर बाल्टिमोरला स्थलांतर झाल्यानंतर १९८५ मध्ये ओकलंड इन्व्हेडर्सवर २८-२४ असा विजय मिळवून त्याने लागोपाठ दोन विजेतेपदे पटकाविली. मिल्स तिन्ही वर्षे लीगच्या सर्वोत्तम संघात निवडले गेले.

दरम्यान लीगच्या मालकांनी वसंत ऋतू सोडून एनएफएलच्याच हंगामात उतरण्याचे ठरविले आणि एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला. १९८६ च्या जुलैमध्ये ज्यूरीने एनएफएलला दोषी ठरविले; पण नुकसानभरपाई दिली ती केवळ एका डॉलरची. कायद्यानुसार तिप्पट होऊन ती तीन डॉलर झाली. या निकालाने यूएसएफएलचा अवतार संपला. परंतु तीन वर्षांत तिने जे खेळाडू पुढे आणले, त्यांच्याकडे दुर्लक्ष करणे आता एनएफएलला शक्य नव्हते.

न्यू ऑर्लिन्समधील तटबंदी

१९८६ मध्ये मोरा न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि त्यांनी मिल्स यांना सोबत आणले. ड्राफ्टनंतर पाच वर्षांनी, २७ वर्षांचे असताना, मिल्स एनएफएलचा पहिला सामना खेळले. त्यांच्या वयाचे कित्येक खेळाडू तोवर कारकिर्दीच्या उतरणीला लागलेले असतात.

१९६७ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्स संघाला तोपर्यंत एकदाही पराभवांपेक्षा अधिक विजय मिळविता आले नव्हते. १९८७ च्या हंगामात त्याने १५ पैकी १२ सामने जिंकून प्रथमच बाद फेरी गाठली. त्यामागे मोरा यांची ‘३-४’ रचना आणि चार लाइनबॅकर होते. बाहेरच्या बाजूंना रिकी जॅक्सन व पॅट स्विलिंग, तर आत वॉन जॉन्सन व सॅम मिल्स. संघाचे घरचे मैदान ‘सुपरडोम’ या छताखालील प्रेक्षागारात असल्याने या चौकडीला ‘डोम पेट्रोल’ असे नाव पडले. जॉन्सन हेही यूएसएफएलमधूनच आले होते. १९८१ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या फेरीत निवडले गेलेले जॅक्सन आणि निवडलेच न गेलेले मिल्स आता एकाच फळीत खांद्याला खांदा लावून उभे होते.

१९९१ आणि १९९२ या दोन्ही हंगामांत सेंट्सच्या बचावाने लीगमध्ये सर्वांत कमी गुण दिले. १९९२ च्या हंगामासाठी हे चारही लाइनबॅकर ‘प्रो बोल’ या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी निवडले गेले. एकाच संघाच्या चार लाइनबॅकरांना एकाच वर्षी हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. तरीही या बलाढ्य बचावाला साजेसे यश संघाला मिळाले नाही. १९८७ ते १९९२ या काळात सेंट्सने चार वेळा बाद फेरी गाठली, पण तेथे एकही सामना जिंकता आला नाही. डोम पेट्रोलच्या कीर्तीला ही खंत कायमची चिकटून राहिली.

छत्तिशीतील नवा डाव

१९९५ मध्ये कॅरोलिना पँथर्स हा नवा संघ एनएफएलमध्ये दाखल झाला. पस्तिशी ओलांडलेले मिल्स न्यू ऑर्लिन्स सोडून या संघात गेले. नवख्या संघाला अनुभवी आधार हवा असतो, तो त्यांनी दिला. पहिले पाच सामने हरल्यानंतर १५ ऑक्टोबर १९९५ रोजी पँथर्सची गाठ न्यूयॉर्क जेट्सशी पडली. क्वार्टरबॅक बबी ब्रिस्टर यांनी जवळून पुढे टाकलेला पास मिल्स यांनी मध्येच झेलला आणि ३६ यार्ड धावत जाऊन टचडाउन केला. पँथर्सने हा सामना २६-१५ असा जिंकला. संघाच्या इतिहासातील तो पहिला विजय होता.

दुसऱ्याच हंगामात, १९९६ मध्ये, पँथर्सने १६ पैकी १२ सामने जिंकले आणि बाद फेरीत तेव्हाच्या गतविजेत्या डॅलस काउबॉइजला २६-१७ असे नमविले. ग्रीन बे पॅकर्सविरुद्ध त्यांची घोडदौड थांबली. त्या वर्षी ३७ वर्षांचे मिल्स लीगच्या सर्वोत्तम पहिल्या संघात निवडले गेले. तो त्यांचा पाचवा प्रो बोल हंगाम. १९९७ नंतर त्यांनी निवृत्ती घेतली तेव्हा एनएफएलचे १२ हंगाम आणि १८१ सामने त्यांच्या नावावर जमा होते. ज्या खेळात धडकांनी शरीर लवकर झिजते, त्यात वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत टिकून राहण्यात त्यांच्या डाव ओळखण्याच्या हातोटीचा वाटा मोठा होता. पाय मंदावले तरी ती हातोटी मंदावली नव्हती.

आजची चाळणी

मिल्स यांच्यानंतर ही निवड यंत्रणा अधिक सूक्ष्म झाली आहे. इंडियानापोलिस येथे १९८७ पासून दरवर्षी ‘कंबाइन’ ही चाचणी भरते. निमंत्रित तीनशेहून अधिक खेळाडू तेथे ४० यार्ड धावतात, उभ्याने उंच उडी मारतात आणि २२५ पौंड (सुमारे १०२ किलो) वजन किती वेळा उचलता येते, हे दाखवितात. सेकंदाच्या शतांश भागापर्यंत नोंदी होतात. बुद्धिमत्तेसाठी घेतली जाणारी ‘वंडरलिक’ ही लेखी चाचणी २०२२ पासून बंद करण्यात आली. समोरचा डाव अर्ध्या सेकंदात ओळखणे ही गोष्ट कागदावरच्या प्रश्नांतून मोजता येत नाही, हा अनुभव त्याआधी अनेक संघांनी घेतला होता.

खेळाडूला ड्राफ्टमध्ये उतरण्यासाठी हायस्कूल सुटल्यानंतर किमान तीन वर्षे थांबावे लागते. एनसीएएच्या अंदाजानुसार महाविद्यालयातून पात्र ठरणाऱ्या खेळाडूंपैकी दोन टक्क्यांहूनही कमी जणांना व्यावसायिक संघांत प्रवेश मिळतो. ३२ संघ आपल्या शिबिरात प्रत्येकी ९० पर्यंत खेळाडू बोलावतात आणि हंगामापूर्वी ही संख्या ५३ वर आणतात. महाविद्यालयीन खेळाडूंच्या स्थितीत मात्र मोठा बदल झाला आहे. २०२१ पासून त्यांना आपल्या नावाच्या व छायाचित्रांच्या वापरातून कमाई करता येते. २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठेही त्यांना थेट मोबदला देऊ लागली आहेत. ज्यांना वगळले जाईल त्यांच्या हाती निदान काही पैसा राहील, अशी व्यवस्था त्यामुळे काही अंशी झाली. तिसऱ्या श्रेणीतील मुलांपर्यंत मात्र तिचा लाभ क्वचितच पोहोचतो.

तरीही मिल्स यांच्या वाटेने आलेले खेळाडू दिसतात. लंडन फ्लेचर हे ओहायोतील जॉन कॅरोल या तिसऱ्या श्रेणीच्या विद्यापीठातून १९९८ मध्ये ड्राफ्टविना आले. ५ फूट १० इंच उंचीचे हे लाइनबॅकर १६ हंगामांत एकही सामना न चुकविता सलग २५६ सामने खेळले. जेम्स हॅरिसन २००२ मध्ये निवडले गेले नव्हते. २००८ मध्ये ते लीगचे सर्वोत्तम बचावपटू ठरले. सहा फुटांपेक्षा कमी उंचीचे झॅक थॉमस १९९६ मध्ये पाचव्या फेरीत निवडले गेले आणि २०२३ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पोहोचले. लाइनबॅकरच्या जागेवर अशी उदाहरणे पुन्हा पुन्हा घडावीत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. ज्या कामात शरीराइतकेच आकलनाला महत्त्व आहे, तेथे मोजपट्टीची चूक होण्याचा संभव अधिक असतो.

यशाची किंमत

या प्रवासाचे वर्णन करताना त्याच्या किमतीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. लाइनबॅकर वेगाने धावत येऊन धडकतो, आणि अशा शेकडो धडका तो हायस्कूलपासून सोसत असतो. सॅन डिएगो चार्जर्सचे विख्यात लाइनबॅकर ज्युनियर सेऊ यांनी २०१२ मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी आत्महत्या केली. ‘क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी’ हा मेंदूचा ऱ्हास घडविणारा विकार त्यांना जडला होता, असे २०१३ मध्ये तपासणीतून निष्पन्न झाले. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एनएफएलच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत हा विकार आढळला. हे मेंदू कुटुंबीयांनी दान केलेले होते आणि त्यांतील अनेकांत लक्षणे आधीच दिसत होती; त्यामुळे हेच प्रमाण सर्व खेळाडूंना लागू करता येत नाही. तथापि धोका गंभीर आहे, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. डोके खाली घालून शिरस्त्राणाने धडक मारण्यास २०१८ पासून दंड होतो.

अखेरचा धडा

निवृत्तीनंतर मिल्स पँथर्समध्येच प्रशिक्षक म्हणून रुजू झाले आणि पुढे लाइनबॅकरांना शिकवू लागले. ऑगस्ट २००३ मध्ये त्यांना आतड्याचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. मुदत थोडी असल्याचे डॉक्टरांनी सांगितले होते. त्याच सुमारास संघातील लाइनबॅकर मार्क फील्ड्स यांनाही कर्करोगाने गाठले. केमोथेरपी सुरू असतानाही मिल्स शक्य तितके दिवस सरावाला येत राहिले.

जानेवारी २००४ मध्ये डॅलसविरुद्धच्या बाद फेरीतील सामन्यापूर्वी ते आपल्या खेळाडूंशी बोलले. आजार कळल्यावर आपल्यासमोर सोडून देणे आणि लढत राहणे असे दोन मार्ग होते व आपण दुसरा पत्करला, हा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. ‘कीप पाउंडिंग’, म्हणजे घाव घालत राहा, हे त्यातले शब्द संघाचे ब्रीद बनले. पँथर्सने तो सामना २९-१० असा जिंकला आणि त्या हंगामात प्रथमच ‘सुपर बोल’पर्यंत मजल मारली, अंतिम सामन्यात मात्र न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून त्यांना ३२-२९ अशी हार पत्करावी लागली. १८ एप्रिल २००५ रोजी शार्लट येथे मिल्स यांचे निधन झाले. त्यांचे वय ४५ होते.

पँथर्सने त्यांचा ५१ क्रमांक निवृत्त केला असून शार्लटच्या प्रेक्षागाराबाहेर त्यांचा पुतळा उभा आहे. २०१२ पासून घरच्या सामन्यांपूर्वी ‘कीप पाउंडिंग’ नावाचा ढोल वाजविला जातो. हॉल ऑफ फेमची मान्यता मात्र उशिरा आली. निवृत्तीनंतर पाच वर्षांनी खेळाडू पात्र होतो आणि आधुनिक काळाच्या यादीत त्याचा विचार वीस वर्षे होऊ शकतो. मिल्स यांची निवड २०२२ मध्ये, म्हणजे या यादीतील त्यांच्या विसाव्या आणि अखेरच्या वर्षी झाली. १९८१ च्या ड्राफ्टमधील सिंगलटेरी १९९८ मध्ये, टेलर १९९९ मध्ये आणि जॅक्सन २०१० मध्ये तेथे पोहोचले होते. त्या वर्षीच्या ३३२ नावांत नसलेला चौथा लाइनबॅकर ४१ वर्षांनी त्यांच्या पंगतीत बसला.